तात्या आखाड्यात

बारामती, २ एप्रिल २०२५

ती. तात्यांना शि. सा. न. वि. वि.

फोनवर विषय काढला की तुमची रेंज जाते, म्हणून पत्र. यंदा जत्रेत तुम्ही अय्युबकाकांशी कुस्ती धरणार, हे मला भाजीवाल्याकडून कळावं? तात्या, त्र्याहत्तर वर्षांचे आहात तुम्ही! जिना चढताना गुडघा धरता, रक्तदाबाची गोळी आठवण केल्याशिवाय घेत नाही. आई गेल्यापासून आम्हा भावंडांना, अनिमेषला आणि मला, तुम्हीच आहात. तो म्हणतो, जत्रेआधीच तात्यांना उचलून आणू. लोभ असू द्या, पण आधी हट्ट सोडा.

तुमची लेक
वैदेही


शेळगाव, ७ एप्रिल

चि. वैदेहीस अ. उ. आ.

हट्ट माझा नाही, जत्रा कमिटीचा आहे. कुस्ती धरणारी पोरं सगळी बारामती-पुण्याला गेली, म्हणून आखाडा बंद करून तिथं ऑर्केस्ट्रा आणायचा, असं त्यांनी ठरवलं. अय्युब बैठकीत उठून म्हणाला की पोरं न्हायती म्हणून काय झालं, आमी हाय की. सगळे हसले. त्या हसण्याचा मला राग आला आणि मी त्याच्या हातात हात दिला.

ऊस आम्हीच बघतो, डेअरीला दूध आम्हीच घालतो, मयताला खांदाही आम्हीच देतो. तेव्हा कुणी वय विचारत नाही. मग लाल मातीतच का विचारता? गोळी घेतली आहे. अनिमेषला सांग, उचलायला यायचं तर लंगोट घेऊन ये.

तुझा
तात्या


बारामती, १७ एप्रिल

ती. तात्यांना शि. सा. न. वि. वि.

घसा अजून बसलेला आहे. आम्ही तुम्हाला अडवायला आलो, तर अय्युबकाकांना अडवायला त्यांचे सोहेल आणि इफ्फत आधीच हजर! बाकी घरांतलीही पोरं तमाशा बघायला आलेली. तुम्ही खाली गेलात तेव्हा मी ओरडत होते की उठा तात्या, आणि शेजारी सोहेल ओरडत होता की अब्बा, सोडू नका. अडवायचं कुणालाच आठवलं नाही. कंबर कशी आहे, खरं कळवा. पुढच्या वर्षी मात्र अजिबात नाही.

तुमची
वैदेही


शेळगाव, २२ एप्रिल

चि. वैदेहीस अ. उ. आ.

कंबर दुखते, पण अय्युबला कळू देऊ नकोस. त्यानं मला चीत केलं याचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? कमिटीनं आखाडा कायम ठेवलाय. पण दुसऱ्या दिवशी तुम्ही सगळी निघून गेलात आणि गाव पुन्हा रिकामं झालं, ते मला पाठ मातीला लागल्यापेक्षा जास्त लागलं.

म्हणून पुढच्या वर्षी मी पुन्हा उतरणार. लोभ असेल तर अडवायला ये. सगळ्यांना घेऊन ये.

तुझा
तात्या