बाग नंबर ४१ आणि सांगाड्यांचं राज्य

४ मे, गुरुवार

लेओन गेला. सकाळी सहा पंचवीसची गाडी. क्रिनित्साला, सरकारी आरोग्यधामात, एकवीस दिवस. दोन वर्षं नंबर लागायची वाट पाहिली. आता नाही म्हटलं असतं तर पुन्हा रांगेच्या शेवटी. गुडघे त्याचे, चिखलाचे लेप त्यांचे. घरात शांतता.

स्टेशनवरून परत येऊन बघते तर कॉम्प्युटरच्या पडद्यावर कागद चिकटवलेला. "बोगुशा, सहाला गेनेक येईल. तू कशालाही हात लावू नकोस. फक्त कोपऱ्यातलं वाळूचं घड्याळ दाब. सात वेळा. बास. — ले."

चौतीस वर्षं रादोम शहरातल्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवलं. आणि हा मला बटण दाबायला बसवतो!

संध्याकाळी गेनेक आला. दुसऱ्या मजल्यावरचा, बस चालवायचा, आता निवृत्त. हातात काकडीच्या लोणच्याची बरणी. हे दोघं चार वर्षं दर गुरुवारी कॉम्प्युटरवर एकच डाव खेळताहेत. मी कधी लक्ष दिलं नव्हतं. लेओनचे बुटके, गेनेकचे सांगाडे, एक नकाशा, दोन राज्यं. पडदा एकच, म्हणून एकाची खेळी चालू असताना दुसऱ्याने स्वयंपाकघरात जाऊन खिडकीकडे तोंड करून उभं राहायचं. मग अदलाबदल. एक खेळी म्हणजे तिथला एक दिवस. सात झाल्या की आठवडा संपला, काकडी खायची, घरी जायचं. बहात्तर आणि एकाहत्तर वर्षांची माणसं!

घड्याळ दाबलं की काही न करताच आपली खेळी संपते. सात वेळा दाबलं. सात वेळा खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. समोरच्या इमारतीतल्या बाईने शेवटी हात हलवला.

जाताना गेनेक म्हणाला, "बाई, तो पैजेचा कागद नीट आहे ना? हरवू नका बरं."

"कसली पैज?"

त्याचा चेहरा बीटरूटसारखा झाला. "म्हणजे... लेओन बोलला नाही?"

कागद बुटांच्या खोक्यात सापडला. कॅलेंडरच्या पानाची मागची बाजू. जून २०१९. "हरणाऱ्याने आपली बाग जिंकणाऱ्याच्या नावे करावी. तक्रार चालणार नाही." दोन सह्या, वर बिअरचा गोल डाग.

आमची बाग! बागमंडळाकडून मिळालेली, एकेचाळीस नंबर! शेजारची बेचाळीस गेनेकची. सत्तावीस वर्षांची बाग या माणसाने सांगाड्यांवर लावली.

५ मे

लेओनला फोन.

"बाग पणाला लावलीस?"

"अगं, काही होत नाही. तू घड्याळ दाब."

"लेओन, मी काय विचारतेय?"

"लेपाची वेळ झाली, बोगुशा. नर्स बोलावतेय." फोन बंद.

इथे लिहायला हरकत नाही. मला स्वतःला त्या बागेचं काही वाटत नाही. वाकलं की कंबर धरते. ओल्या सकाळी त्या शंख नसलेल्या गोगलगायी बोटांनी उचलायच्या, मिठाच्या पाण्यात टाकायच्या. शी! पण लेओनचा जीव आहे तिच्यात. हिवाळ्यातसुद्धा उठून म्हणतो, "बागेवर जाऊन येऊ का?" बाग गेली तर तो माणूस वर्षभरात खचेल. पेन्शन घेऊन टीव्हीसमोर बसलेले नवरे मी पाहिलेत.

तेव्हा बाग जाणार नाही. घड्याळ गेलं खड्ड्यात.

६ मे

दिवसभर राज्याची तपासणी केली. मुख्याध्यापिका होते तेव्हा वसतिगृहाची करायचे तशी, वही-पेन घेऊन.

राजधानीच्या वेशीवर पहारेकरी: शून्य.
लाकूड: डोंगराएवढं. बांधकाम: काही नाही. कोठाराशेजारी फक्त एक दारूचा गुत्ता. दोन मजली.
उडणारे सिंह: छप्पन्न. उत्तरेच्या तळ्यामागे कोपऱ्यात बसून. दोन वर्षं! त्यांना कुणी काही सांगितलेलंच नाही.

सेनापतीचं नाव ओर्विन. लढाया जिंकल्या की त्याची पातळी वाढते आणि मग त्याने काय शिकावं ते आपण ठरवायचं. लेओनने त्याला काय शिकवलं? नौकानयन. मग प्रगत नौकानयन. मग निष्णात नौकानयन. नकाशावर समुद्र नाही!

लेओन तसा मठ्ठ नाही. पंचवीस वर्षं कारखान्यात पंप दुरुस्त केले. हे काय आहे?

८ मे

ओर्विनला सकाळपासून घोड्यावर बसवायचा सराव करतेय. गेनेकच्या डावाला हात न लावता वेगळा सरावाचा डाव काढता येतो. सहा वेळा हरले. सातव्यांदा नाही.

११ मे, गुरुवार

वेशीवर चाळीस बुटके उभे केले. तटबंदी सुरू केली. सिंहांना तळ्यामागून पुढे आणलं, जंगलात लपवलं. ओर्विनची पातळी वाढली. "शहाणपण की मासेमारी?" असं पडद्यावर विचारलं. शहाणपण! विचारायचं काय त्यात!

आणि गेनेक चोरून बघतो.

तिसऱ्या खेळीलाच कळलं. परीक्षेच्या हॉलमध्ये आयुष्य गेलंय माझं. मागून श्वास कसा थांबतो ते मला कळतं. खिडकीकडे तोंड करून उभा होता, पण खिडकीत बघत नव्हता. स्वयंपाकघराच्या दारातून दिवाणखान्यातलं काचेचं कपाट दिसतं. क्रिस्टलचे पेले ठेवतो ते. त्या काचेत पडदा!

म्हटलं, नक्कल करणाऱ्याला आधी पूर्ण लिहू द्यावं.

पण गंमत ही: माझे सिंह जंगलात आहेत हे त्याने पाहिलं. आणि पुढच्या खेळीला त्याने आपला सगळ्यात मोठा सरदार त्याच जंगलात पाठवला. तीन सांगाडे घेऊन. तीन! छप्पन्न सिंहांनी त्यांचं काय केलं ते लिहिण्यासारखं नाही. एवढ्या मेहनतीने नक्कल करून नापास होणारा विद्यार्थी मी पहिल्यांदाच पाहिला.

"अरेरे," गेनेक म्हणाला. काकडी कडकड चावली. "काय हो नशीब, बाई!"

१३ मे

थंडीचे तीन संत सुरू, मेमधले ते तीन गारठ्याचे दिवस. रात्री पारा दोनवर. टोमॅटोची रोपं अजून घरातच, खिडकीत. बागेवर गेले, स्ट्रॉबेरीवर कापड घातलं. एकशे अकरा गोगलगायी. लेओनसाठी करतेय हे स्वतःला दोनदा सांगावं लागलं.

बेचाळीस नंबरमध्ये गेनेक खुर्ची टाकून बसला होता. कमरेएवढं गवत. बागमंडळाने गवताबद्दल दोनदा लेखी ताकीद दिली आहे असं तो अभिमानाने सांगत होता.

"कापत का नाही?"

"बाई, हे आता किती दिवस माझं आहे, देव जाणे." आणि चक्क शीळ!

बिचारा. हरणार हे कळून चुकलंय त्याला. धीराने घेतोय. रात्री जरा अपराधी वाटलं. पण लेओन की गेनेक? लेओन.

१५ मे

लेओनचा फोन. गुडघे बरे. संध्याकाळी नाच असतो म्हणे, वूज शहरातली कुणी विधवा त्याला टँगो शिकवतेय. "आणि डाव? घड्याळ दाबतेस ना?"

"दाबते," मी म्हणाले. खोटं नाही. शेवटी दाबतेच की.

१८ मे, गुरुवार

क्रिस्टलच्या कपाटावर पलंगाची चादर टाकली.

गेनेक आत आला, चादर पाहिली आणि उभाच राहिला. "बाई, ही चादर कशाला?"

"धूळ बसते."

"पण पेले किती सुंदर आहेत! झाकायचे कशाला?"

"गेनेक, स्वयंपाकघरात जा."

दोन खेळ्या कशाबशा गेल्या. तिसऱ्याला स्वयंपाकघरातून आवाज: "बाई, साधारण कुठल्या बाजूला आहात तेवढं सांगाल?"

"शत्रूला?"

"अंदाजे! डोंगराच्या अलीकडे की पलीकडे?"

लाजही वाटत नाही! मग तो आंधळ्यासारखा नकाशाभर फिरत बसला. त्याचे सांगाडे एकदा माझ्या सैन्यामागून गेले, एकदा पुढून गेले. चौथ्या खेळीला चुकून माझी लाकडाची वखार जिंकली, तर डोक्याला हात लावून म्हणाला, "अरे देवा, हे काय झालं!" आणि पुढच्या खेळीला ती सोडून निघून गेला.

सातवी खेळी. ओर्विन त्याच्या राजधानीपासून एका दिवसावर. मी वही मिटली.

गेनेक उठेना. "बाई, अजून एकच खेळी करू या का?"

"सात म्हणजे सात."

"शनिवारी येऊ? नियमात बसत नाही, पण लेओन परत यायच्या आत संपवलं तर..." त्याचे डोळे ओले होते. मी हो म्हणाले. एवढी घाई कसली कळेना. दाढ काढायचीच असेल तर लवकर, तसं असेल.

२० मे, शनिवार

साडेदहा वाजता गेनेक दारात. कोट, टाय. दाढी गुळगुळीत. मला वाटलं अंत्यविधीला निघालाय. एका अर्थी तेच.

राजधानीला वेढा घातला. आत काय असेल? चार वर्षांचं सांगाड्यांचं राज्य! भुतं, हाडांचे राक्षस, विषारी धुकं. बुटके पुढे, सिंह दोन्ही बाजूंना, ओर्विन मागे.

दार उघडंच होतं.

आत कुणी नाही. एक विहीर, एक दारूचा गुत्ता. तोही दोन मजली. संपूर्ण सैन्य म्हणजे गुत्त्यासमोर उभा असलेला एक सांगाडा. एका बुटक्याने त्याला ढकललं. पडद्यावर तुताऱ्या वाजल्या.

"झालं?" स्वयंपाकघरातून.

"झालं, गेनेक. तुझं राज्य बुडालं. मला वाईट—"

तो पळत आला, पडदा बघितला, आणि माझा हात धरून त्याचे तीन मुके घेतले. मग नाचला. एकाहत्तर वर्षांचा माणूस, टाय लावून, आमच्या गालिच्यावर!

"हरलो! बाई, हरलो! रीतसर हरलो!"

खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. तेव्हा बोलला. वडील जायच्या वेळी त्यांनी त्याचा हात धरून शपथ घ्यायला लावली होती: बाग कुणाला देणार नाहीस, विकणार नाहीस, सोडणार नाहीस. एकोणीस वर्षं झाली. गेनेकला गवताची ॲलर्जी आहे. पण शपथ!

"हरलो तर ती *दिली* असं होत नाही ना, बाई? धर्मगुरूंनाही विचारलं. ते म्हणाले, यावर चर्चचं मत नाही."

"मग चार वर्षं का लावलीस?"

"मी पहिल्या महिन्यातच हरणार होतो हो! पण लेओन! मी राजधानी उघडी टाकली, तर त्याने सैन्य परत नेलं. मी सरदार पाठवला, तर तो तळ्यामागे लपला. मी दोनदा चुकून जिंकत आलो, बाई. रात्र-रात्र झोप नाही. एवढा वाईट खेळणारा माणूस मी आयुष्यात पाहिला नाही!"

निष्णात नौकानयन. दोन मजली गुत्ता. "कशालाही हात लावू नकोस."

गेनेक बेचाळीस नंबरच्या हस्तांतराचा अर्ज सही करूनच घेऊन आला होता. नावाची जागा रिकामी. टेबलावर ठेवला आणि जिन्यावरून गात गेला.

२१ मे, रविवार

प्रार्थनेनंतर फोन.

"लेओन, आपण जिंकलो."

मागे कुठेतरी अकॉर्डियन.

"जिंकलो म्हणजे?"

"राजधानी घेतली. बेचाळीस आपली. दोन बागा, सहाशे चौरस मीटर."

"घड्याळ दाब म्हटलं होतं, बोगुशा," इतकं हळू म्हणाला की कान दाबून धरावा लागला. "नुसतं घड्याळ."

"तुला बाग नको होती."

"गुडघे, बोगुशा. सहा वर्षं झाली. खाली बसलो की उठता येत नाही, झाडाला धरून उठतो. पण तुझा जीव आहे तिच्यात! पावसात, थंडीत जातेस. गोगलगायी एकेक करून मोजतेस. तुला कुठल्या तोंडाने सांगू, मला नको? म्हटलं, हरावं. हरलेल्या माणसाला तू रागावशील, पण महिनाभरच."

"हिवाळ्यात 'बागेवर जाऊ का' म्हणायचास."

"तू नाही म्हणावंस म्हणून विचारायचो. तू दर वेळी बूट घालायचीस!"

मी तोंडावर हात दाबला. तो घाबरला. "बोगुशा? रडतेस का?"

"परत आलास की बोलू," मी म्हणाले, आणि फोन ठेवला.

मग स्वयंपाकघरात जाऊन हसले. इतक्या मोठ्याने की समोरच्या बाईने खिडकी उघडली.

२४ मे

बागमंडळात गेले. इरमिना, अध्यक्षा, शाळेत माझ्या हाताखाली होती. मला बघून अजून उठून उभी राहते. "बाई, एका घराला एकच बाग. दोन ठेवता येत नाहीत, नियमात नाही." म्हणजे चार वर्षांच्या पैजेला पहिल्या दिवसापासून अर्थच नव्हता! दोघांपैकी कुणी नियम वाचले नव्हते. मी यादी मागितली. एकेचाळीस कुटुंबं बागेची वाट बघताहेत. पहिली दोन नावं घेतली, एकेचाळीस आणि बेचाळीस, दोन्हींचे अर्ज त्यांच्या नावे भरले, सह्या केल्या. एकूण सात मिनिटं. गेनेकने दिली नाही, मी दिली, शपथ शाबूत.

लेओन उद्या येतोय. बागा गेल्या हे सांगेन. राज्य परत मिळणार नाही, हेही. ओर्विन आता माझा आहे. त्याला हवं असेल तर गेनेककडे सांगाडे मोकळे पडलेत.