बद्द वाजणारा स्लॅब

अमरावती, मंगळवार, संध्याकाळ

करणार नाही म्हणत होते, तेच आज केलं.

नांदगावकडच्या शाळेच्या स्लॅबवर आम्ही ध्वनिलहर सोडली होती. काँक्रीट धड असेल तर ती आतून झपाट्याने पळते, भेग असली की रेंगाळते. तिथे रेंगाळली. आमच्या तपासणी लॅबचे सर म्हणाले, लहर नीट आत शिरावी म्हणून यंत्राखाली लावतो ते जेल उन्हात वाळलं असेल. कॉम्प्युटरवर तसाच स्लॅब मांडून लहर सोडून बघा. बघितलं. धड स्लॅब मांडला तर वेग जुळेचना. आत भेग घातली आणि आकडा तंतोतंत जुळला. तीनदा केलं, तीनदा जुळला. तरी रिपोर्टात सरांनी धड स्लॅबचाच आलेख ठेवायला लावला. मी सही केली. का केली? नोकरी पक्की व्हायची आहे म्हणून, दुसरं काय!

तपासणीच्या दिवशी शाळेचे शिपाई रहीमचाचा काठीने छत ठोकून म्हणाले होते, "मॅडम, मडकं घेतांनी आपुन वाजवून पायतो ना? हे बद्द वाजून रायलं." मी हसले होते. म्हणाले, "मशीनचा आकडा येऊ द्या, चाचा."

आज सहाला त्यांचाच फोन. "आकडा आला का? पोरायले उद्या त्या खोलीत बसवू का?"

"रिपोर्ट गेलाय, चाचा." यात खोटं काहीच नव्हतं.

ते म्हणाले, "मॅडम, तुमचाबी आवाज बद्द येऊन रायला."

रेंज नाही म्हणून सांगितलं आणि फोन कापला.