शोभेची शेगडी

३ फेब्रुवारी

चि. ठिणगीस मावशीचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या कारखान्यातली, तू पाठवलेली बिनधुराची शेगडी पोचली. काय तिचं रूप! तोंड बघून घ्यावं इतकी चकचकीत. बाहेरच्या खोलीत कपाटावर, रेडिओशेजारी ठेवली आहे. आलं-गेलं माणूस आधी तिची चौकशी करतं, मग माझी. समोरच राहणारी माझी जाऊबाई नाक मुरडून म्हणाली, की एवढा थाट आपल्यासारख्यांच्या घराला शोभत नाही. दुसऱ्याच दिवशी तिनेही आणली! गरिबाला परवडावं आणि आपलंही पोट भरावं, हे बोलायला सोपं. तू करून दाखवलंस.

आता आवरते. चुलीच्या धुराने डोळ्यांना धारा लागल्यात. खोकला आहेच, जुना सोबती. आहे तशी माया राहू दे.

तुझी मावशी

९ फेब्रुवारी

ती. मावशीस सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसले आणि शेवटाशी अडखळले. शेगडी बिनधुराची, मग मावशे, चूल कशाला पेटवलीस?

संशय आला म्हणून गिऱ्हाइकांच्या घरी फिरले. कुणी शेगडीवर विणलेला रुमाल घातलाय, कुणी तिच्यात प्लास्टिकची फुलं खोचलीत. स्वयंपाक मात्र जुन्याच चुलीवर, आणि पोरं खोकतायत. भागीदार म्हणतो, विकली की विषय संपला. लोक पेटवोत नाहीतर डोक्यावर घालोत. मी म्हटलं, धूर घालवते म्हणून विकायची आणि धूर तिथंच, तर ती फसवणूकच. मी विक्री थांबवलीय. तो फुगून बसलाय, महिनाअखेरीस वेगळं व्हायचं म्हणतो. तो गेला तर कारखानाच बंद पडेल गं. खरं सांग, तू का नाही पेटवलीस?

तुझ्या धपाट्याला पात्र,
ठिणगी

१४ फेब्रुवारी

चि. ठिणगीस आशीर्वाद.

पकडलंस बाई! अगं, आचेने काळी होईल म्हणून नाही पेटवली. आमच्याकडे चांगली चादर पाहुण्यांची, चांगला कप पाहुण्यांचा. आपला जन्म कान तुटलेल्या कपात. घरात एकच देखणी वस्तू यावी आणि पहिला डाग आपल्याच हाताने लावावा, म्हणजे जिवावर येतं. दुसऱ्या डागाचं कोण मनावर घेतं!

तुझं पत्र आल्यावर काडी ओढली, फुंकून टाकली. पुन्हा ओढली, पुन्हा तेच. शेवटी जाऊबाईला हाक मारली. माझी तिने पेटवली, तिची मी. दुसऱ्याची वस्तू काळी करायला हात कसा सरसावतो बघ! आता दोन्ही घरांत चहा धुराविना होतो. भागीदाराला फार ताणू नकोस. मला विसरू नकोस.

मावशी

४ मार्च

ती. मावशीस सा. न. वि. वि.

जाऊबाईंना आमचा दंडवत सांग! आता शेगडी पोचवणारी बाई तिथल्या तिथे ती पेटवते, पहिला चहा करते आणि डाग पाडूनच निघते. भागीदार कुरकुरला, की धंदा करायचा की चहा पाजायचा? पण चहा झालेल्या घरांच्या शेजारणी आपणहून मागायला आल्या, तेव्हा मुकाट्याने परत कामाला लागला. आता स्वतःच चहा करायला जातो. साखर फार टाकतो, एवढीच तक्रार आहे. तुझा खोकला कसा आहे?

तुझी ठिणगी

१० मार्च

चि. ठिणगीस आशीर्वाद.

खोकला पुष्कळ उतरलाय. शेगडी तव्यासारखी काळी झाली आणि आता मला तिचं काही वाटत नाही. फक्त रेडिओशेजारची जागा भकास दिसते गं. कारखान्यात एखादी बिघडलेली, मुळीच न पेटणारी शेगडी पडली असेल तर पाठव. दोन पाठव, नाहीतर जाऊबाई माझी पळवेल.

लोभ वाढता ठेव, साखर कमी.

तुझी मावशी