उम्मी फार हसत होती

नाबुल,
बुधवार, २३ मार्च १९८८

प्रिय राफिकाताई,

सलाम. लियाँत अजून थंडी असेल, मुलांचे खोकले थांबले असतील. आम्ही ठीक आहोत. नारिंगाची फुलं यंदा लवकर आली. हेदीमामा दोन टोपल्या देऊन गेला, अर्क काढायचं चाललंय.

पत्र लिहितेय, कारण फोन मामाच्या दुकानात आहे आणि तो शेजारी उभा राहतो.

आपल्या उम्मीचं ऑपरेशन चार एप्रिलला, ट्यूनिसला. तुला फोनवर पित्ताचा खडा सांगितला होता. त्याबद्दल पुढे लिहिते. आधी एक विचारू? उम्मी चारचौघांत एवढी हसते, हे तू कधी पाहिलं होतंस? मी पाहिलं नव्हतं. बाबांनी शाळेत घालण्याआधी दोन वर्षं मला घरीच शिकवलं, आणि सारखं एकच सांगितलं : जे पाहिलंस तेच लिही. म्हणून पाहिलं तेवढंच लिहिते.

इस्पितळातून आलो त्या दिवशी मामानं सगळ्यांना अंगणात उभं केलं. "डॉक्टर म्हणाले, मन प्रसन्न असेल तर दुखणं निम्मं होतं. आतल्या खोलीत कुणी तोंड पाडून गेलं, तर गाठ माझ्याशी."

तेव्हापासून घरभर हसू. झकियामावशी तर दारातूनच दात दाखवत यायची. उम्मी म्हणाली, "काय गं, नवे बसवलेस की काय?"

आणि गुण आला, ताई. उम्मी जेवू लागली, झोपू लागली, रात्रीचं कण्हणं थांबलं. मामा छाती काढून फिरायचा. मला मात्र ते हसू पटेना. मी खोलीत गेले की ते लगेच लागायचं, अगदी दिवा लावावा तसं. एकदा दाराच्या फटीतून पाहिलं, तर तोंड भिंतीकडे आणि हातात बाबांची जपमाळ. मी कडी वाजवली, आणि वळली ती हसतच. कुसकुसवरचं तिच्या वाटणीचं मांस माझ्या ताटात यायचं. सकाळी डोळे उघडले की तिचा हात माझ्या कपाळावर. मला वाटलं, हिला कळलंय. आमचं मन राखायला हसतेय.

माझा अंदाज चुकला होता.

रविवारी सकाळी आम्ही दोघी चादरीवर फुलं निवडत होतो. ती एकदम म्हणाली, "मी ट्यूनिसला जाणार नाही. माझा खडा कुठे पळून जातोय? आधी तुझं करून घ्या."

"माझं काय?"

"मला वेडी समजता का गं? डॉक्टरनं मला बाहेर बसवलं आणि तुला आत ठेवलं, चांगला अर्धा तास. बाहेर आलीस ती डोळे सुजवून. मग घरभर दात. झकिया आठवडाभर माझ्याशी भांडली नाही, हे काय उगीच? आणि तू बघ कशी वाळलीस."

"मग तू का हसत होतीस?"

"तू हसावंस म्हणून. हसण्यानं दुखणं हटतं, हेदीच ओरडून सांगत होता ना अंगणात."

ताई, आपल्याकडे आजाऱ्याला त्याचा आजार सांगत नाहीत, हे मला ठाऊक आहे. मीही कबूल झाले होते. पण ती ऑपरेशनला जाईना.

मी म्हटलं, "उम्मी, खडा नाहीये. आतड्यात गाठ आहे. ते दुखणं, ज्याचं नाव घेत नाहीत. तुला आहे, मला काही नाही."

"बाबांची शपथ?"

"बाबांची शपथ."

माझ्याकडे बघत राहिली. मग हसायला लागली. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "मला? फक्त मला?" पुन्हा पुन्हा तेच. इतक्या दिवसांत ते एकच हसू मला खरं वाटलं.

नंतर ती शांत झाली. "वाचेन का?"

"माहीत नाही."

"बरं. चार तारखेला जाऊ."

पण त्या दिवसापासून ती अर्धीच भाकरी खाते, रात्री कण्हते. दुखलं की दुखतंय म्हणते. मामा माझ्याशी बोलत नाही. एवढंच म्हणाला, "औषध लागू पडत होतं, तू सांडलंस." मला रोज वाटतं, त्याचं खरं असेल तर? आमचं खोटं हसू तिला खरंच बरं करत असेल तर? सांगितलं ते तिच्यासाठी, की मला खोटं सोसेना म्हणून? सांगितल्यावर मला गाढ झोप लागली, ताई. याचीच मला जास्त भीती वाटते.

तिनं तुला बोलावलंय. चार तारखेच्या आत ये. मामा बोटीवर घ्यायला येईल आणि वाटेत तुला पढवील. ऐकून घे. पण आत गेलीस की तिच्याजवळ बस आणि तुझा चेहरा जसा असेल तसा असू दे. तिला आता ओळखू येतं.

जिनं सांगितलं ती,
तुझी एम्ना