मधलं दार

३ तारीख, सोमवार
नव्या घरात आलो. आधी देव मांडले, मग भांडी. दोन खोल्या, दोन न्हाणीघरं, मध्ये एक दार. हे म्हणाले, राजवाडाच की! साथ सुरू झाल्यापासून असंच घर शोधत होते. माझं दुखणं बाहेरून दिसत नाही. रोगाशी लढायची ताकद उलटून माझ्याच सांध्यांवर उठते. ती दबवायला गोळ्या, म्हणून साथीची लागण झाली तर माझा निभाव नाही. हे पाणीपुरवठ्यात, त्यांना सुट्टी नाही. तेव्हा हे बाहेरच्या खोलीत, मी आतल्या. कडी माझ्या बाजूने. गेल्या वर्षीची डायरी कोरीच राहिली होती, वार खोडून तीच वापरते आहे.

७ तारीख, शुक्रवार
धाकधूक फार होते. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, भीती लिहा आणि शेजारी खरी की खोटी तेही लिहा. भीती: कडीला हात लागला, लागण झाली. खोटी. भीती: छाती धडधडते, आता मी जाते. खोटी.
नणंदबाईंचा फोन. म्हणे, काय बाई थाट, नवरा बाहेर आणि ही आत लोळतेय, दिसायला तर ठणठणीत! हे पलीकडून ओरडले, सांग तिला, सोन्याची बायको आहे, तिजोरीत ठेवलीय. हसता हसता रडले मी.
संध्याकाळी हे खुर्ची दाराशी ओढून बसतात, आपापल्या ताटात जेवतो. उठताना रोज म्हणतात, उघडायचं नाही हं.

१५ तारीख, शनिवार
ह्यांना ताप. भीती: ह्यांना साथीची लागण झाली. खरी.

१६, रविवार
दवाखान्याची गाडी आली. फटीतून पाठ तेवढी दिसली. वळून हात केला, मला की दाराला—
पालिकेने बाहेरची खोली सील केली, मला मागच्या दाराने ये-जा करायला सांगितलं.

२०, गुरुवार
दवाखान्याचा फोन. पहाटे गेले. देह देणार नाहीत. विचारलं, आंघोळ तरी घातलीत का हो? फोनवरचा माणूस म्हणाला, बाई, पिशवी उघडत नाही आम्ही.
देवापुढे बसले. नामच सुचेना.

२१, शुक्रवार
संध्याकाळी सहाला खुर्ची ओढल्याचा आवाज. पलीकडे सील आहे. भीती: बाहेर कोणीतरी—
खरी की खोटी, लिहवत नाही.

२२, शनिवार
खोकला ह्यांचाच. म्हणतात, थंडी वाजते, अंगावर कोणी पाणी घातलं नाही. उघडायचं नाही हं, असं मात्र म्हणत नाहीत. एकदाही—

२३
गोळी घेतली नाही. पाणी तापलंय. बादली उचलताना सांधे ओरडले, ओरडू देत. इतके दिवस ह्यांनी मला जपलं, ह्यांचं कोणी—
आले हो, आले. कडी घट्ट बसलीय, जरा