‘नाही’ नसेल तर

तीर्थरूप मंदाअक्कास, चाळीसगावहून धाकट्या प्रेमराजचा नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? दाजींनी तंबाखू सोडली का? (सोडली नसणार, पण विचारायची रीत आहे.) इकडे आबा खुशाल आहेत, इतके खुशाल की माझ्या घशाखाली घास उतरत नाही. फोन करावा तर तुझा दुरुस्तीला, आणि आबा दुकानात माझ्या शेजारून हलत नाहीत. म्हणून बिलं लिहितोय असं दाखवत हे पत्र लिहितोय.

तुला ठाऊक आहे, बियाण्याच्या दुकानात गिऱ्हाईक फोनवर दिवसभर तेच ते विचारतं. त्याला फोननेच परस्पर उत्तर द्यावं म्हणून मी संगणकाची एक भाषा शिकायला घेतली. (शाळेत इंग्रजीने रडवलं होतं, पण हौसेला मोल नाही.) त्या भाषेचा सगळा जीव जर-तरमध्ये. असं असेल तर हे कर, नसेल तर ते कर. मधलं काही असेल तर त्याचीही सोय असते म्हणे, पण तो धडा पुढे होता.

त्यात तू आणलेलं रूपाचं स्थळ. मुलगी पाहून आल्यापासून माझं कशात लक्ष नाही, तुझ्यापाशी लाज कसली! तिच्या वडिलांच्या, तोताराम नानांच्या, उत्तराची वाट पाहत होतो आणि आबा घटकाभराने विचारत होते, “उत्तर उनं का?” शेवटी सरावाचा सराव म्हणून फोनमध्ये जर-तर लिहिलं. नानांच्या संदेशात ‘नाही’ असेल तर त्यांना माझ्या नावाने सभ्य निरोप जावा, नसेल तर आबांना ‘जमलं’ जावं. खरं सांगू? नकार स्वतः वाचायची माझी छाती नव्हती.

काल सकाळी नानांचा संदेश आला, ‘मुलीला विचारून कळवतो.’ आता अक्का, आपल्याकडे तोंडावर ‘नाही’ म्हणतो कोण? ‘कळवतो’, ‘बघू’, ‘पत्रिका दाखवू’ म्हणतात आणि ऐकणारा काय ते समजतो. मशीनला ते समजलं नाही. त्याला ‘नाही’ सापडेना, त्याने आबांना ‘जमलं’ पाठवलं. आबा गादीवरून उठून गरजले, “जमनं रे भो! बठ्ठासले सांगा!” सगळ्यांना सांगत संध्याकाळपर्यंत भाऊबंदांत बातमी फिरली, आणि उद्या ते पेढे घेऊन धुळ्याला नानांच्या दारात उभे राहणार आहेत. सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण आई गेल्यापासून आबांना इतकं हसताना पाहिलं नव्हतं. पेढे पाहून नाना काय म्हणतील?

दाजींना नमस्कार, भाच्यांना आशीर्वाद.

तुझा,
प्रेमराज

ता. क. नाना तुझ्या पलीकडच्या गल्लीतच राहतात. आजच जा आणि खरं काय ते काढून घे. होकार असेल तर आबांना येऊ दे. नकार असेल तर दाजींना आजारी पाड आणि आबांना स्टँडवरूनच तुझ्या घरी ने. ‘बघू’ म्हणाले तर हलू नकोस, चहा मागून बसून राहा. (तो पुढचा धडा काल वाचला.)

पुन्हा ता. क. धुळ्याला माल घेऊन निघालेला धनसिंग हे पत्र न्यायला दारात उभा आहे, आणि नानांच्या फोनवरून सकाळी आलेला संदेश मला आत्ता दिसतोय. ‘बाबा घरी नाहीत, म्हणून त्यांच्या फोनवरून लिहिते. माझा होकार आहे. रूपा.’ अक्का, त्या ‘नाहीत’मध्ये ‘नाही’ आहे! मी बंद करायला विसरलेल्या मशीनने तिला तिथल्या तिथे उत्तर दिलंय, ‘काही हरकत नाही. तुम्हाला याहून चांगलं स्थळ मिळो. प्रेमराज.’ घाबरून फोन लावला तर नानांनी उचलला, आणि मी कपाशीच्या बियाण्याचं विचारून ठेवून दिला. वरचं सगळं सोड, चपला घाल आणि आधी रूपाकडे जा.