उंबऱ्यापर्यंत आलेला चोथा

प्रिय लानशिन,

माझं अक्षर पाहून दचकली असशील. अकरा वर्षं तुमच्या घरात माझं नावही निघत नाही. तुझ्या कारखान्याचा पत्ता शेजारच्या पांगकाकूंनी दिला. वर म्हणाल्या, “मी दिला म्हणून सांगू नका हं, देशुनला कळलं तर माझी धडगत नाही.”

तुझे बाबा, देशुन, तुला काय लिहीत असतील ते मला न वाचता ठाऊक आहे. तब्येत उत्तम, डुक्कर चांगलं पोसलंय, तू जेवत जा. त्यातलं डुक्कर तेवढं खरं. पानगळीपासून देशुन काढा घेतोय. मला कोणी सांगितलं नाही, मी चोथा पाहिला. आपल्याकडे काढ्याचा चोथा चौकात ओततात, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायांनी दुखणं निघून जावं म्हणून. इतकी वर्षं औषधाच्या दुकानात घालवलेल्या माणसाला त्यातून रोग कळतो. शिंपल्याचे तुकडे, आकडेवाली वेल आणि तियनमा या कंदाच्या चकत्या. ज्याला घेरी येते, अंगावरून वारं जाण्याची भीती असते, त्याचं हे औषध. तुझ्या आईलाही हेच चालू होतं.

आधी चोथा चौकात असायचा. मग न्हाव्याच्या दुकानापाशी दिसू लागला. परवापासून तुमच्या उंबऱ्याबाहेरच पडतोय. पांगकाकू हसून म्हणाल्या, “म्हातारा आळशी झाला बाई, आता आम्हीच त्याच्या दारात जाऊन पाय द्यायचे.” मला हसू आलं नाही. भांडं तो हल्ली डाव्या हातात धरतो आणि भिंतीला खांदा घासत परत आत जातो.

काल मी वाकून एक चकती उचलली. खरा तियनमा कितीही उकळला तरी चिवट राहतो. ही बोटांत पिठासारखी फुटली. बटाटा आहे, लानशिन. वाफवून, दाबून, वाळवलेला बटाटा. माझ्या दुकानाची पायरी चढायची नाही म्हणून तो आठवडी बाजारातल्या टोपलीवाल्याकडून घेतो. इतके दिवस तो शिंपल्याबरोबर बटाटा उकळून पितोय आणि बरं वाटायची वाट बघतोय.

मी चांगला कंद निवडून, पुडी बांधून त्याच्या दारात गेलो. बटाट्याचंही सांगितलं. त्यानं पुडी उघडलीसुद्धा नाही, गटारात टाकली. जीभ जड झाली आहे त्याची, पण शब्द नीट कळले. “तुझ्या हातचं? एक माणूस नेलंस, तेवढं पुरे.” आणि दार लावून घेतलं. मला राग आला नाही. राग येण्याचा हक्क मी कधीच घालवला आहे.

तुझी आई चुलीपाशी कोसळली तेव्हा तू लहान होतीस. देशुन भर बाजारात ओरडला होता की थाननं बटाटा विकला. मी गल्ल्यावर हात ठेवून शपथ घेतली, चार लोक माझ्या बाजूनं बोलले, आणि बायको गेल्यानं देशुनचं डोकं फिरलं असं सगळ्यांनी ठरवलं. मीही ठरू दिलं. तिला मातीआड केल्यावर मी माझ्या बरणीतल्या मूठभर चकत्या उकळून पाहिल्या होत्या. चकत्यांचा लगदा झाला. घाईत घेतलेला माल मी एकदाही दाताखाली मोडून पाहिला नव्हता. बरणी नदीत रिकामी केली आणि तोंड बंद ठेवलं. काल चकती हातात येताच ओळखली ती त्यामुळे. तू सुट्टीची वाट बघू नकोस, मिळेल त्या गाडीनं ये. कंद तिकडूनच घे, माझ्याकडचा नको, आणि तुझ्या हातानं त्याला पाज. पण त्याआधी हे पत्र, पांगकाकूंचं नाव गाळून, त्याला वाचून दाखव. त्याला अजून ऐकू येतंय.

तुझाच म्हणायला मी धजत नाही,
थानकाका